तोलाई

टर्मिनसला रूळ जिथं संपतात
तिथं दोन बफर, थोडं गवत
आणि कुणीतरी वाळत घातलेला टॉवेल.
पुण्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं,
"इथून पुढं विमानतळ किती?"
मी म्हटलं, नऊएक किलोमीटर,
रिक्षावाल्याच्या तोंडून अडीचशे.

अहवालाला चार रकाने.
गूळ मार्केटजवळ फाटा काढून
जुन्याच रुळाला नवी फांदी,
स्वस्त वाटते, हायवे आडवा येईपर्यंत.
मग खांबांवरची मेट्रो,
टाकाळ्याच्या खिंडीवरून
राजारामपुरीच्या गच्च्यांवर सावली टाकत.
मग रबरी चाकांची, साहेब जिला निओ म्हणतात
आणि बाबालाल अत्तार, रिक्षा पुसता पुसता, "लांबडी के.एम.टी."
चौथा रकाना: काहीच न करणे.
त्याचा खर्च शून्य लिहायचा असतो.
मी लिहिला. पेन जरा अडलं.

अण्णा शाहूपुरीत तोलाईदार होते.
म्हणायचे, वैजू, काटा थांबायच्या आत आकडा बोललीस
तर गुऱ्हाळवाला बुडाला,
आणि थांबल्यावर बघतच बसलीस
तर गुळावर माशा.

तीन दिवस उजळाईवाडीला दारात उभी राहिले.
कुठून आलात, कशानं आलात,
गाडी असती तर आला असता का.
हुपरीचे चांदीवाले हसले:
"पैंजणांची पेटी मांडीवर घेऊन रेल्वेत?
ताई, ऊन लागलंय का तुम्हाला?"
फाउंड्रीचे इंजिनिअर घड्याळाकडे बघत:
"वीस मिनिटांत पोचवत असेल तर हो.
पंचवीस असतील तर नाही."
हैदराबादचं विमान दीड तास उशिरा आलं,
आणि त्यातली सगळी माणसं
एका डब्यात मावली असती,
पाय पसरून.

तिसऱ्या दिवशी लवकर गेले, साडेपाचला.
विमान नव्हतं. माणसं होती.
हायवेच्या कडेनं, ट्रकच्या उजेडात
एकेक चेहरा पेटायचा, विझायचा.
एमआयडीसीची पहिली पाळी,
सामान चढवणारी पोरं,
आणि मालन आवळे, डोक्याला मफलर, हातात डबा.
"कणेरीवाडीतनं चालत येतो मी रोज.
विमानात? अगं बाई, मी विमान पुसतो,
बसत न्हाई."
मी पण घरी "येतो, जातो"च म्हणते.
साहेबांपुढं तेवढं "येते".

फॉर्मवर विमान क्रमांक सक्तीचा.
मी आडवी रेघ मारली
आणि माणूस मोजला.
दोनशे बारा रेघा.

साहेब म्हणाले, "या नोंदी काढा.
हे प्रवासी नव्हेत. आकडा फुगतोय."
चहा गार होईपर्यंत मी काही बोलले नाही.
मला खरंच कळेना,
मी काट्यावर बोट ठेवत होते
की आधीपासून ठेवलेलं कुणाचं तरी
उचलत होते.

रात्री अण्णांना सगळं सांगितलं.
त्यांना आता नीट दिसत नाही,
भाकरी चाचपून मोडतात.
मी सांगत गेले, मफलर, डबा, ट्रकचा उजेड,
जरा रंगवूनच.
ते चावत राहिले. मग म्हणाले,
"त्या बाईला तिकीट कितीचं परवडतंय?"

दोनशे बारा माणसं,
आणि हे मी एकालाही विचारलं नव्हतं.

सकाळी पाचला बाबालालला फोन केला.
तो म्हणाला, अडीचशे.
मग जांभई दिली, म्हणाला,
बसा, परतीचं घेत नाही.
पुढच्या सीटखाली त्याचं पोर झोपलं होतं,
शाळेच्या कपड्यात, बूट घालून.
उचगावचा पूल चढताना
खालून रिकामा रूळ गेला,
आमच्याकडे न वळता, मिरजेकडे.
फॉर्मच्या समासात, हिसके खात,
मी नवा प्रश्न लिहायला घेतला.
अक्षर वाईट आलं.